काटा झाकून माप : अंतराळ गेमच्या कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

प्रेषक : आर्वी तालुक्यातील नियमित खेळणारे ग्राहक, जि. वर्धा.

विषय : यान अपग्रेडच्या मटेरिअलची साठामर्यादा, ट्रेडरचा दर आणि न दाखवलेली शक्यता याबाबत तक्रार.

महोदय,

मटेरिअल म्हणजे यान अपग्रेड करायला लागणारा माल; त्याचा पहिला ग्रेड सगळ्यात साधा, पाचवा सगळ्यात वरचा. पहिल्या ग्रेडच्या मटेरिअलचा कप्पा काठोकाठ भरला की त्यात 300 नग मावतात. हे सगळे ट्रेडरपुढे, म्हणजे गेममधल्या अदलाबदल करणाऱ्या व्यापाऱ्यापुढे, ओतून पाचव्या ग्रेडचे मागितले तर किती मिळतात? एकही नाही. वर चढताना दर पायरीला सहास एक हा तुमचा दर. 300 चे 50 झाले, 50 पैकी 48 चे 8, आठपैकी सहाचा 1, आणि तो एकुलता एक नग चौथ्या ग्रेडवर अडकून बसतो. पाचव्या ग्रेडचा एक नग हवा तर पहिल्या ग्रेडचे 1296 पाहिजेत, आणि कप्पा 300 च्या पुढे भरू देत नाही. तरी ट्रेडरच्या पडद्यावर दोन्ही ग्रेड एकाच ओळीत (एका गटाच्या मटेरिअलची एक ओळ) मांडलेले असतात, जणू हा सौदा होण्यासारखा आहे.

पहिल्या ग्रेडचा कचरा कशाला चढवता, असे उत्तर तुमच्याकडून येईल. म्हणून पूर्ण ओळीचा हिशेब देतो. दुसऱ्या ग्रेडचा कप्पा 250 चा, तिसऱ्याचा 200, चौथ्याचा 150. चारही भरलेले असले तर एकूण 900 नग. आधी चौथा रिकामा करायचा, मग तिसरा, मग दुसरा, शेवटी पहिला, आणि जे वर सरकले ते पुन्हा चढवायचे. उलट्या क्रमाने गेले तर वरचा कप्पा भरलेला असतो आणि सौदाच होत नाही. ही गोष्ट गेममध्ये कुठे लिहिलेली नाही. एवढे सगळे नीट केले तर पाचव्या ग्रेडचे 31 नग हाती येतात. त्यातले 25 एकट्या चौथ्या ग्रेडचे. खालच्या तीन कप्प्यांतल्या 750 नगांचे मोल 6.

खाली उतरताना दर एकास तीन. म्हणजे सहा देऊन एक घेतला आणि लगेच चूक लक्षात येऊन तोच परत केला, तर तीन मिळतात. निम्मा माल एका चुकीच्या बटणात गेला. सौदा मागे घ्यायची सोय नाही. यादीत मटेरिअलची लांबलचक नावे अर्ध्यातच तुटतात आणि एकाच ओळीतली दोन नावे सारखी दिसतात, त्यामुळे अशी चूक होणे साहजिक आहे. दुसऱ्या ओळीतले त्याच ग्रेडचे मटेरिअल हवे असेल तरी सहास एक, आणि दुसऱ्या ओळीतले एक ग्रेड वरचे हवे असेल तर छत्तीसास एक. बाजार समितीत हमाली आणि तोलाई कापली जाते, तेवढी सवय आम्हाला आहे. सहा पोती तूर घालून एक पोते हातात देणारा माणूस मात्र अजून यार्डात उभा राहिलेला नाही.

आणि हा ट्रेडरही एका जागी सगळे घेत नाही. खाणकाम किंवा रिफायनरीच्या वस्तीत कच्च्या मूलद्रव्यांचा, औद्योगिक वस्तीत बनवलेल्या भागांचा, हायटेक किंवा लष्करी वस्तीत डेटाचा. एका अपग्रेडला तिन्ही प्रकार लागतात, म्हणजे तीन प्रणाली (सूर्यमाला), तीनदा डॉकिंग. हे आम्ही तक्रारीत धरत नाही. वेगवेगळ्या बाजारात वेगवेगळा माल, हे खेळाला धरून आहे.

आता खरा मुद्दा. उडीचे अंतर वाढवणारे जम्प ड्राइव्हचे अपग्रेड जवळपास प्रत्येक खेळाडू सगळ्यात आधी करतो. तिसऱ्या पायरीला फॉस्फरस, चौथीला मँगनीज, पाचवीला आर्सेनिक लागते, आणि सोबत दर वेळी एक रासायनिक भाग व एक वेक-डेटा (उडी मारून गेलेल्या यानाच्या मागे उरलेल्या खुणेतून मिळणारा डेटा). मूलद्रव्यांचे काही अडत नाही. फॉस्फरस पहिल्या ग्रेडचे, मँगनीज आणि आर्सेनिक दुसऱ्या. ग्रहावर उतरण्याआधी नकाशात त्या ग्रहाच्या जमिनीत कोणते मूलद्रव्य किती टक्के आहे ते तुम्ही दाखवता. टक्का बघून ग्रह निवडता येतो, रोव्हर उतरवून खडक फोडता येतात, प्रत्येक तुकड्यामागे तीन नग मिळतात. अर्धा तास घातला तर काय हाती लागेल याचा अंदाज बांधता येतो. (मँगनीजचे कौतुक आम्हाला नवीन नाही. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गची उघडी खाण आहे. तिथेही खणण्याआधी ग्रेड तपासतात.)

अडते ते वेक-डेटावर. यान उडी मारून गेले की मागे वेक उरतो, त्याच्याकडे नाक ठेवून स्कॅनरचे बटण दाबून धरायचे. नाक हलले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. जाणकार खेळाडू त्यासाठी दुष्काळ असलेल्या प्रणालीतल्या वाटप केंद्राबाहेर जाऊन थांबतात, कारण तिथे यानांची ये-जा थांबत नाही. दुष्काळात गर्दी वाटप केंद्रावर होते, एवढे तुम्ही अचूक ओळखले आहे. पण त्या स्कॅनमधून पाचव्या ग्रेडचा डेटा किती वेळा निघतो, हे कुठेच सांगितलेले नाही.

समजा वीस स्कॅनमागे एकदा निघतो. पाचव्या पायरीचे दहा रोल (अपग्रेडचे प्रयत्न) धरले तर दहा नग लागतील, एका खेपेला तीन मिळतात, म्हणजे चार खेपा, म्हणजे सरासरी 80 स्कॅन. वेक शोधणे, जवळ जाणे आणि स्कॅन मिळून 45 सेकंद धरले तर बरोबर एक तास. हा तास आम्ही कुरकुर न करता देऊ. पण सरासरी ही सरासरी असते. वीसमागे एक असताना वीस स्कॅन करूनही एकदाही न निघण्याची शक्यता सुमारे 36 टक्के आहे, आणि 40 स्कॅननंतरही रिकाम्या हाताने बसण्याची 13 टक्के. म्हणून 40 स्कॅन वाया गेले की खेळाडूला कळत नाही, नशीब खोटे आहे, जागा चुकली आहे, की त्या प्रणालीतला दुष्काळ काल संपला आणि आज गर्दी नुसती दिसते आहे. आकडा माहीत असता तर तो बसून राहायचे की निघायचे हे ठरवू शकला असता. आकडा नसल्यामुळे तो बसूनच राहतो. आमच्या भागात याला रिकामे कुटाणे म्हणतात.

सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर कापसाची गाडी लागते तेव्हा ओलाव्याचे मीटर सगळ्यांसमोर गंजीत खुपसतात. 8 टक्क्यांच्या वर गेले की दर उतरतो, 12 च्या वर गेले की माल घेत नाहीत. नियम कडक आहे, शेतकरी त्यावर चिडतोही. पण आकडा त्याच्या डोळ्यांसमोर असतो, आणि पुढची गाडी भरण्याआधी तो कापसाला दोन उन्हे जास्त देतो. तुमच्या गेममध्ये मीटर आहे, आकडाही आहे, फक्त काटा झाकून ठेवला आहे.

बनवलेल्या भागांचे सिग्नल (अवकाशात माल पडलेली ठिकाणे) वेगळ्या प्रकारे त्रास देतात. उच्च दर्जाच्या सिग्नलवर घड्याळ चालू असते, ते संपायच्या आत पोहोचून डबे गोळा करायचे. इथे लिंपेट (डबे उचलून आणणारे छोटे ड्रोन) लागतात, आणि लिंपेट सोडण्याची रीत कोणी शिकवत नाही. डबा टार्गेट करून लिंपेट सोडला तर तो तेवढा एक डबा आणतो आणि संपतो. काहीही टार्गेट न करता सोडला तर त्याची मुदत संपेपर्यंत आसपासचे एकामागून एक उचलत राहतो. नवा खेळाडू साहजिकच आधी टार्गेट करतो, आठ लिंपेटमध्ये आठ डबे आणतो आणि म्हणतो, हा प्रकार महाग आहे. मटेरिअलसोबत पडलेला भंगार मालही लिंपेट उचलतात, म्हणून तो आधी यादीत जाऊन दुर्लक्षित करावा लागतो, नाहीतर कार्गो भंगाराने भरतो. मदतीच्या पानावर दोन ओळी टाकल्या असत्या तर काम झाले असते.

तिसरी गोष्ट तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही ती चालू दिली आहे. पडलेल्या यानाच्या किंवा ओसाड वस्तीच्या ठिकाणी डबे गोळा केले की मेनूत बाहेर पडायचे आणि पुन्हा आत यायचे. डबे जसेच्या तसे परत हजर. मटेरिअल मिळवण्याचा सगळ्यात फायद्याचा मार्ग गेम बंद करून पुन्हा चालू करणे हा असेल, तर खेळ कुठे राहिला? शहरात फायबर असलेल्याला यात वीस सेकंद जातात. खेड्यात एकट्याने खेळायच्या मोडलाही सर्व्हरशी जोडणी लागते, आणि ती मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते. टॉवरवर संध्याकाळी ताण असला की प्रत्येक वेळी आत यायला दोन-तीन मिनिटे जातात, कधी मधेच एरर येतो. शहरातला माणूस तासात तीस फेऱ्या मारतो, इथे त्याच्या निम्म्या होत नाहीत. माल तोच, ठिकाण तेच, कष्ट दुप्पट, कारण तुमच्या सर्वात चांगल्या मार्गाचे माप नेटवर्कच्या वेगाने होते.

त्यात लाईन गेली की हिशेब आणखी बिघडतो. इन्व्हर्टरवर संगणक टिकला तरी टॉवरची बॅटरी उतरली की जोडणी तुटते, आणि जोडणी तुटली की उच्च दर्जाच्या सिग्नलमधले न उचललेले डबे गेले. परत आल्यावर तो सिग्नल तिथे नसतो. आपणहून बाहेर पडणाऱ्याला ओसाड वस्तीतले डबे नव्याने मिळतात आणि ज्याची जोडणी तुटली त्याचे जातात, हा उलटा न्याय आहे. अपडेटचेही तसेच. दिवसाला 1.5 जीबीचा पॅक असलेल्या माणसाला काही जीबीचा अपडेट दोन-तीन दिवसांत हप्त्याने उतरवावा लागतो. पॅक संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो, आणि मधे थांबलेले डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले तर कपाळावर हात मारायचा.

हे सगळे चालू असताना दुकानात खऱ्या पैशाने अपग्रेड झालेली तयार याने विकायला आली आहेत. विकण्याला आमची हरकत नाही. पण वाट खडतर ठेवणारा आणि त्याच वाटेवर गाडीभाडे घेणारा एकच असला, तर वाट कधी दुरुस्त होईल अशी शंका कोणालाही येईल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी डार्क पॅटर्नवर (ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या पडद्यावरच्या मांडणीवर) मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात 13 प्रकार सांगितले. तुमचा प्रकार त्या तेरांपैकी एक आहे असा आरोप आम्ही करत नाही. तसे कोणाला म्हणावे लागू नये, एवढ्यासाठी ही नोंद.

आमचे मागणे फुकट मटेरिअलचे नाही. वेक-डेटा आणि सिग्नलमध्ये कोणता ग्रेड किती टक्के निघतो तो आकडा ग्रहाच्या टक्केवारीसारखाच पडद्यावर दाखवा. हे एकच केले तरी अर्धी तक्रार मिटेल. त्यानंतर ट्रेडरचा चढता दर सहास एकवरून तीनास एक करा. मग पाचव्या ग्रेडच्या एका नगाला पहिल्या ग्रेडचे 81 लागतील आणि भरलेल्या कप्प्यातून 3 मिळतील, म्हणजे तो कप्पा भरण्याला काही अर्थ उरेल. दर बदलायचा नसेल तर कप्पे वाढवा, पण दोन्ही आहेत तसे ठेवू नका. डॉक सोडेपर्यंत शेवटचा सौदा मागे घेता यावा. जोडणी तुटलेल्या खेळाडूचा सिग्नल दहा मिनिटे राखून ठेवावा. आणि कोणत्या अपग्रेडला काय, किती कमी आहे याची यादी गेममध्येच असावी. सध्या ती शाळेच्या वहीत ठेवावी लागते.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. पोच आली नाही तर हेच पत्र राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंदवू. आकडे तपासायला तुमच्याकडे माणूस असेलच. सहाच्या पाढ्यापलीकडे त्यात काही नाही.

कळावे,

आपले ग्राहक,
आर्वी तालुका, जि. वर्धा

सोबत : चार कप्प्यांच्या हिशेबाचे एक पान, आणि ज्या दोन मटेरिअलची नावे यादीत सारखीच तुटतात त्यांचे स्क्रीनशॉट.