शिफारस मिळते, तिच्यामागची नोंदही द्या : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कृषी विद्यापीठांचे संशोधन मराठीत, विनामूल्य आणि कोणालाही वापरता येईल असे खुले करण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यात शेतकरी गटांबरोबर काम करतो. मृग तोंडावर आला की गटाच्या बैठकीत दोन प्रश्न हमखास निघतात. यंदा कोणता वाण लावायचा, आणि आपल्या जमिनीत तो कसा येईल? पहिल्याचे उत्तर कृषी सेवा केंद्रावर, विद्यापीठांच्या कृषी दैनंदिनीत, मोबाइलवर, कुठेही मिळते. दुसऱ्याचे उत्तर विद्यापीठांच्या चाचण्यांच्या नोंदींत असते आणि तिथवर आमचा हात पोचत नाही.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार विद्यापीठे राज्याने जनतेच्या पैशातून उभी केली. दर वर्षी संयुक्त ॲग्रेस्कोमध्ये, म्हणजे कृषी संशोधन आणि विकास समितीच्या बैठकीत, चारही ठिकाणचे शास्त्रज्ञ एकत्र बसून नवे वाण, अवजारे आणि शिफारशी मान्य करतात. दैनंदिनीत त्यातली एकेक शिफारस एक-दोन ओळींत छापली जाते. त्या ओळींमागे काही हंगामांच्या चाचण्या असतात. त्या कोणत्या प्रक्षेत्रावर झाल्या, जमीन भारी होती की हलकी, पावसाचा खंड पिकाच्या कोणत्या अवस्थेत पडला, तुलनेला कोणता वाण होता, हे सगळे शास्त्रज्ञांनी टिपलेले असते. शेतकऱ्याला निर्णय घ्यायला नेमके हेच लागते.

परभणी विद्यापीठाच्या बदनापूर संशोधन केंद्राच्या तुरीचेच पाहा. त्यातला बीडीएन-७११ हा वाण घ्या : ही तूर लवकर तयार होते, त्यामुळे मध्यम जमिनीत आणि परतीच्या पावसाने दगा दिला तरी ती पदरात पडते. पण ज्याची जमीन भारी आहे आणि विहिरीत दोन वेळा देण्यापुरते पाणी आहे, त्याने हीच घ्यावी की जास्त दिवसांची बीडीएन-७१६? सोयाबीनची खतमात्रा राहुरीची वेगळी, अकोल्याची वेगळी, परभणीची वेगळी. हद्दीवरच्या गावाने कोणती मानायची? या प्रश्नांची उत्तरे सरासरीच्या आकड्यात सापडत नाहीत, चाचणीच्या तपशिलात सापडतात.

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीने हे आम्हाला फार महागात शिकवले. बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या पहिल्या पिढीच्या बीटी कपाशीला ही अळी दाद देत नाही, हे गुजरातेतून २०१० मध्येच जाहीर झाले होते. पुढे दुसऱ्या पिढीच्या बोलगार्ड-२ या बीटी कपाशीवरही ती जगते आहे, अशी निरीक्षणे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी नोंदवली आणि ती इंग्रजी शोधपत्रिकांत छापून आली. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे किडकी निघाली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

सल्ले निघतच नव्हते असे मी म्हणणार नाही. फरदड (मुख्य वेचणीनंतर पीक तसेच राखून घेतलेला जादा कापूस) घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाट्या (कपाशीची उभी झाडे) काढा, नर पतंग अडकवणारे कामगंध सापळे लावा, हे सांगितले जात होते. पण ज्याच्याकडे पाणी आहे त्याच्यासाठी फरदड म्हणजे आणखी एक-दोन वेचण्या, अडचणीच्या दिवसांत हातात येणारा रोख पैसा. तो सोडून दे असे नुसते सांगून तो सोडत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. शिवाय एकट्याने पऱ्हाट्या काढून भागत नाही, अख्ख्या शिवाराने काढाव्या लागतात. कोणत्या भागातल्या हिरव्या बोंडांत किती जिवंत अळ्या सापडल्या, उभ्या पऱ्हाटीत ही अळी पुढच्या हंगामापर्यंत कशी तग धरते, हे पुराव्यासह मराठीत गावासमोर आले असते, तर गावाने पारावर बसून निर्णय घेतला असता. शेतकरी हुकमापेक्षा पुराव्याला जास्त मान देतो, हा माझा अनुभव आहे.

नागपूरची संस्था केंद्राची आहे, आपल्या अखत्यारीत नाही, याची मला जाणीव आहे. पण चार विद्यापीठे राज्याची आहेत आणि त्यांच्याबाबतीत कायदा आपल्याच बाजूने उभा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक संस्थांनी कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करायची आहे, आणि तीही स्थानिक भाषेचा विचार करून. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ मध्येच खुल्या उपलब्धतेचे धोरण स्वीकारले. ‘कृषिकोश’ या ऑनलाइन संग्रहावर देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध ठेवले जातात, हे मोलाचे काम आहे. मात्र हे प्रबंध बहुतांशी इंग्रजीत आहेत. केंद्राच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेतून विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना परदेशी शोधपत्रिका वाचायला मिळतात. शेतकरी उत्पादक कंपनी आणि ग्रामपंचायत त्या योजनेत बसत नाहीत.

मराठीत जे छापले जाते त्याचीही एक अडचण आहे. बरीच प्रकाशने जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित झालेली किंवा पानांचे फोटो काढून चढवलेली असतात. त्यात पिकांची मुळे खाणाऱ्या ‘हुमणी’ अळीचे नाव शोधले तर काही सापडत नाही, कारण संगणकाला ती अक्षरे वाचताच येत नाहीत. राज्याने २०२५ मध्ये शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी महाॲग्री-एआय धोरण आणले, शेतकऱ्यांना सल्ला देणारे ‘महाविस्तार’ ॲप आणले. अशा साधनांना वाचायला युनिकोडमधला, म्हणजे कोणत्याही संगणकाला वाचता येणारा, तपासलेला मराठी मजकूर लागतो, आणि तो आपल्या विद्यापीठांनीच पुरवायचा आहे.

मग शास्त्रज्ञ मराठीत का लिहीत नाहीत? अनेकांना मनापासून लिहायचे असते. पण निवड आणि पदोन्नतीत वजन असते ते शोधपत्रिकेला राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने दिलेल्या गुणांना. शेतकऱ्यांसाठी लिहिलेल्या सविस्तर मराठी टिपणाला तसे वजन नाही. ते द्यावे. आपण आणि महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेने मनावर घेतले तर हे होण्यासारखे आहे.

ज्ञान शेतातून विद्यापीठात जाते तेव्हा त्याला कुठलेच कुलूप नसते, हेही इथे सांगायला हवे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या भातखाचरात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून एचएमटी भात तयार केला. त्याच बियाण्यावरून पुढे अकोल्याच्या विद्यापीठाचा पीकेव्ही-एचएमटी हा वाण आला. दादाजींनी बियाणे हातचे राखून ठेवले नव्हते. शेतकऱ्याने दिलेल्याची नोंद त्याच्या नावासकट व्हावी आणि त्यातून जे पुढे घडले ते त्याला वाचता यावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

माझी मागणी अशी. गेल्या दहा वर्षांत मान्य झालेली प्रत्येक शिफारस तिच्या चाचण्यांच्या तपशिलासह, मराठी युनिकोडमध्ये, एकाच ठिकाणी विनामूल्य ठेवावी. ज्या चाचण्या फसल्या त्याही ठेवाव्यात. जे औषध किंवा जी पद्धत आपल्या भागात चालली नाही, ती कळली तर शेतकऱ्याचा खर्च वाचतो. विद्यापीठाचे नाव देऊन हा मजकूर कोणालाही छापता, वाचून दाखवता, भाषांतरित करता येईल, अशी स्पष्ट परवानगी त्यावर लिहिलेली असावी. वाणांवरचे हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने सुरक्षित आहेत, नोंदी खुल्या केल्याने त्यांना धक्का लागत नाही. आणि यापुढे प्रत्येक प्रबंधासोबत विद्यार्थ्याने शेतकऱ्याला कळेल असा दोन-तीन पानांचा मराठी सारांश जोडावा.

सगळे एकाच वेळी जमणार नसेल तर तूर, सोयाबीन आणि कपाशी या तीन पिकांपासून सुरुवात करावी आणि त्यांच्या नोंदी येत्या खरिपाच्या पेरणीआधी खुल्या कराव्यात. आमचे गट त्या गावोगाव वाचून दाखवतील आणि आपल्या शिवारात काय घडले ते विद्यापीठाला लेखी कळवतील. याविषयी सविस्तर बोलण्यासाठी गटांच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपला,
शेतकरी गटांचा एक कार्यकर्ता
जि. परभणी