घड्याळाविना चिप तपासायची कशी?

महोदय,

चिपनिर्मितीवरील लेखांत कारखाने आणि गुंतवणूक यांची चर्चा भरपूर असते. तयार चिप तपासायची कशी, हा प्रश्न मात्र राहून जातो. नेहमीच्या सर्किटचे भाग घड्याळाच्या, म्हणजे ठरावीक लयीत येणाऱ्या विद्युत स्पंदांच्या, तालावर चालतात; ते थांबवून फ्लिप-फ्लॉपमधील (एकेक बिट साठवणाऱ्या घटकांमधील) स्थिती स्कॅन साखळीतून, म्हणजे चाचणीसाठी त्यांना एकामागे एक जोडणाऱ्या वाटेने, बाहेर काढता येते. असिंक्रोनस सर्किटमध्ये घड्याळच नसल्याने ही सोय सहजासहजी मिळत नाही. तिथला मुलर सी-घटक, म्हणजे दोन संकेतांची वाट पाहणारा छोटा घटक, पाहा : दोन्ही इनपुट 1 झाल्यावरच त्याचे आउटपुट 1 होते, दोन्ही 0 झाल्यावरच 0, आणि एरवी तो आधीचीच किंमत धरून बसतो. अशा सर्किटचे भाग घड्याळाऐवजी एकमेकांना विनंती आणि पोच यांचे संकेत पाठवून काम पुढे नेतात; त्यामुळे विनंतीची किंवा पोचेची तार कायमची 0 वर अडकली, तर बहुधा सगळा व्यवहार जागीच थबकतो. दोष स्वतःहून पुढे येतो, हे मला या पद्धतीचे मोठेच सुख वाटते.

खरी पंचाईत वेगळी आहे. क्षणिक चुकीचे स्पंद टाळण्यासाठी मुद्दाम घातलेल्या जादा गेटचे (0-1 वर तार्किक क्रिया करणाऱ्या घटकाचे) आउटपुट 0 वर अडकले, तरी स्थिर झाल्यावरचे उत्तर बरोबरच येते, चिप चाचणीत उत्तीर्ण होते आणि पुढे भलत्याच क्षणी दगा देते. अशी गेट चाचणीपुरती वेगळी चाळवता यावीत म्हणून आराखड्यातच जादा तारा ठेवाव्या लागतात, आणि त्यांची जागा व खर्च कोणालाच नको असतो. या बाजूवरही आपण एखादा लेख छापावा, ही विनंती.

– इलेक्ट्रॉनिक्सचा एक निवृत्त अध्यापक, पुणे