बाईंडर काका, त्या पावतीसाठी थँक्यू

काका, नमस्कार.

दुकानात थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "बरं बरं, मागे गिऱ्हाईक उभं आहे" म्हणून कटवता, म्हणून हे इथे लिहितेय. तुम्ही स्वतः वाचणार नाही हे माहितीये, तुमचा तो बटणांचा फोन, पण नातू वाचून दाखवेल. नाव आणि दुकानाचा पत्ता मुद्दाम टाकत नाहीये, नाहीतर जांभळी नाक्याच्या त्या बोळात आधीच स्कूटर लावायला जागा नसते, अजून गर्दी झाली तर तुम्ही मलाच बोलाल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. जुलैत आमच्या वरच्यांच्या बाथरूमचं लिकेज कपाटात उतरलं आणि नेमका लेकीचा कागदी बाहुल्यांचा डबा भिजला. हो, कागदीच. बाहुली कापायची, फ्रॉक कापायचा, फ्रॉकच्या खांद्याला ते छोटे कान असतात ते मागे दुमडले की झाली नटून तयार. आता कोण खेळतं असल्यांशी असं मला ऐकवून झालंय बऱ्याच जणांनी, तर माझी लेक खेळते, आठ वर्षांची आहे, पोटावर झोपून गार लादीवर तासन्‌तास खेळते आणि त्यातल्या प्रत्येकीला वेगळा आवाज आहे. एक बाहुली सगळ्यांवर खेकसते, तिचा आवाज बराचसा माझा आहे असं नवऱ्याचं म्हणणं.

डब्यात जुन्या बाहुल्या होत्या त्या माझ्या आईच्या. आईची मावशी साठच्या दशकात नवऱ्याबरोबर अमेरिकेत गेली, तिकडे मॅकॉल्स नावाचं बायकांचं मासिक निघायचं आणि त्यात मे १९५१ पासून बेट्सी मॅकॉल नावाच्या मुलीचं पान यायला लागलं होतं, बेट्सी आणि तिचे कपडे, कापा आणि खेळा. मावशीआजी ती पानं पत्राच्या पाकिटात घालून ठाण्याला पाठवायची. मासिकाचा कागद पातळ, म्हणून आईने आणि तिच्या बहिणीने त्या पुठ्ठ्यावर चिकटवून मग कापल्या. बेट्सीचा नोझी नावाचा डॅशहंड कुत्रा पण आहे, त्याची शेपूट कुठल्यातरी मे महिन्याच्या सुट्टीत गेली.

आणि मग लेकीचा स्वतःचा माल. बाहुली खिडकीच्या काचेवर धरायची, वर कागद ठेवायचा, उजेडात आकार गिरवायचा आणि त्यावर नवीन ड्रेस काढायचा. लाईट बिलाच्या मागे काढलेले आहेत, पण बेस्ट कागद म्हणजे लग्नपत्रिका! जाड, ताठ, आणि सोनेरी छपाई फुकटात. बेट्सीला पैठणी आहे काका, काठ कुणाच्यातरी रिसेप्शनच्या पत्रिकेचा. नऊवारी मात्र जमत नव्हती कारण काष्टा मागे जातो आणि बाहुलीला मागची बाजूच नाही, यावर आमच्याकडे एक अख्खा रविवार गेलाय, शेवटी तिने दोन्ही बाजू वेगळ्या काढून वरून जोडल्या आणि खऱ्या कपड्यासारखी डोक्यातून घातली. मला सुचलं नसतं.

तर हे सगळं भिजलं. मासिकाची गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटली, स्केचपेनचे रंग एकातून दुसऱ्यात उतरले.

आता ज्यांनी मदत केली नाही त्यांच्याबद्दल, कारण ते लिहिल्याशिवाय तुमचं मोल कळायचं नाही. सोसायटीचे एक पदाधिकारी बघायला आले, भिंतीचे फोटो काढले आणि म्हणाले कागदच तर आहेत मॅडम, सोफा वाचला ना. स्टेशनजवळच्या एका झेरॉक्स-लॅमिनेशनवाल्याकडे नुसतं विचारायला गेलो तर त्याने विचार करायच्या आत हातातली एक बाहुली मशीनमधून काढली, अर्धवट ओली, आत बुडबुडे, आणि वर वीस रुपये मागितले. जुन्या वस्तूंमधले जाणकार म्हणवणारे एक गृहस्थ आहेत, ओळखीतून त्यांच्याकडे गेले, त्यांनी डब्यात नुसतं डोकावून सांगितलं की कापलेल्या आहेत, न कापलेली पानं असती तर कलेक्टर लोक विचारतात, याला काही किंमत नाही. अहो, न कापता खेळायचं कसं? बाहुल्या खेळायला छापल्या होत्या की कपाटात उभ्या राहायला? पण बोलले नाही, "बरं, सर" म्हणून बाहेर पडले.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. लेक शेजारी डबा छातीशी धरून उभी आणि हे सगळे तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत होते. म्हणजे ती तिथे नाहीच.

तुमच्याकडे कुणी पाठवलं ते आता आठवत पण नाही, बहुतेक भाजीवालीने. तुम्ही रोजमेळ-खतावण्यांना, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या आणि खात्यांच्या वह्यांना, कापडी कणा लावत बसला होता, सगळीकडे खळीचा वास. डबा बघितलात, "आत्ता सुकवू नका, चिकटलेलं सुकलं की फाटेल" एवढंच म्हणालात, आणि मग खणातून पावतीपुस्तक काढलंत. ते कार्बन घालायचं, दोऱ्याने बांधलेलं. चष्मा कपाळावरून खाली घेतलात आणि विचारलंत, "नाव?" मी माझं सांगायला लागले तर तुम्ही मान पण वर न करता म्हणालात, "तुमचं नाही, मालकाचं."

लेकीने नाव सांगितलं. तुम्ही आधी "कुमारी" लिहिलंत. मग तिला स्टुलावर बसवलंत आणि तुम्ही दोघांनी माल मोजला. बाहुल्या ९. कपडे ६४. टोप्या ११. चपलांचे जोड ३, एक सुटी. मग कुत्रा आला. तुम्ही लिहिलंत "कुत्रा १, शेपूट नाही", तर ही घाबरत घाबरत म्हणाली, "पण ती आधीपासूनच नाहीये." तुम्ही पेन उचललंत, विचार केलात, आणि कंसात लिहिलंत "आधीपासून". दाबून, कार्बनवर पण उमटेल असं. मग तिची सही घेतलीत, तिने जोडाक्षरासकट पूर्ण नाव काढलं, आणि पांढरी पावती फाडून तिच्या हातात दिलीत. माझ्या नाही.

काका, मी त्या दिवशी बोळाच्या तोंडाशी येऊन उसाच्या रसवाल्यापाशी उभी राहून चक्क रडले. रस प्यायला उभी आहे असं दाखवून. बाहुल्या नीट होतील की नाही हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, तुम्ही पण गॅरंटी दिली नव्हतीत, पण पोरीने घरी येईपर्यंत एकदाही "होतील का गं नीट" विचारलं नाही. तिच्याकडे पावती होती ना. माल जमा आहे, लिहून दिलंय, शेपटीसकट.

तुम्ही नंतर काय काय केलंत ते मला सगळं कळलं नाही आणि तुम्ही सांगितलं पण नाहीत, टीपकागद, तो चाकाचा लोखंडी प्रेस, फाटलेल्या कानांना मागून पातळ कागदाची पट्टी. एकच गोष्ट तुमच्या मुलाने सांगितली, की नेहमीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालता तसं यात घातलं नाहीत, लहान मुलीचे हात लागणार, हात तोंडात जाणार, म्हणून वेगळी खळ शिजवलीत. हे तुम्ही मला सांगायचं सुद्धा नव्हतं तुमच्या मते. आणि अमेरिकेच्या बेट्सीला जेवढी पट्टी लावलीत तेवढीच लाईट बिलावरच्या फ्रॉकला पण लावलीत. त्या जाणकार सरांना नेऊन दाखवावंसं वाटतं.

आता कलेक्शन कसं ठेवायचं यावर तर तुमचं आणि तिचं जे काय झालं! माझं म्हणणं होतं प्लॅस्टिकच्या खिशांची फाईल आणू, दिसतं पण छान. तुम्ही म्हणालात आपल्या हवेत स्वस्त प्लॅस्टिकला घाम येतो, छपाई चिकटते, सेलोटेप तर नावच काढू नका, पिवळा पडतो आणि गोंद कागदात उतरतो. मग जाड कागदाचे खिसे करून खतावणीसारखी फाईल बांधलीत, लाल कापडी कणा. कुठला ड्रेस कुणाचा ते कळावं म्हणून मागे पेन्सिलने नंबर, पेन नाही, भिजलं तर शाई पसरेल. इथवर ठीक. पण तुम्ही दर बाहुलीला एक खिसा धरला होतात आणि हिला ते अजिबात मान्य नव्हतं, तिला प्रसंगाप्रमाणे पाहिजे होतं, लग्नाचे, पावसाचे, शाळेचे, आजारी असतानाचे. मी डोळे वटारले. तुम्ही म्हणालात, "धंदा तिचा आहे, खाती तीच पाडणार," आणि खिशांवरची नावं पुसून परत लिहिलीत.

वर कापणीतून उरलेल्या कागदांची एक छोटी वही शिवून दिलीत, म्हणालात खतावणी झाली, आता रोजमेळ. ती रोज लिहितेय काका. "आज नंबर ४ ने २३ घातला, हळदीला गेली, पाऊस आला." लॅमिनेशनवाली बाहुली आता पावसाळी खात्यात आहे, रेनकोट घातलाय तिने असं ठरलंय. त्या दुकानदाराला एवढ्या चांगल्या शब्दांत माफ करायची माझी तयारी नव्हती, पण मालकाने केलंय.

फाईल न्यायला आलो तेव्हा मी हिला वाचून दाखवलेलं ती तुम्हाला सांगत होती, की लंडनला १८१० साली फुलर नावाच्या प्रकाशकाने छोट्या फॅनीची कागदी बाहुली काढली होती आणि तिचं डोकं सुटं होतं, एकच डोकं सगळ्या कपड्यांत खोचायचं. तुम्ही सुई थांबवून विचारलंत, "डोकं हरवलं तर?" ती म्हणाली, "मग सगळे कपडे वाया." तुम्ही खरंच काळजीत पडलात. मोठा माणूस लहान मुलाचं ऐकतोय असं दाखवतो ना, तसं नव्हतं ते.

ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, म्हणजे कागद जपणं या गावाला नवीन नाही, आणि त्याच गावात कागदच तर आहेत म्हणणारे लोक कमिट्यांवर बसतात. चांगुलपणाचे मेसेज रोज सकाळी फुलांच्या फोटोवर येतात, ते पाठवणाऱ्यांतलेच एक ते पदाधिकारी, असो. ज्याचं काम त्याचं नाव पावतीवर घालावं एवढं साधं असतं बहुतेक, त्याला सुविचार लागत नाही.

एक भांडण बाकी आहे. तुम्ही घेतलेत त्यात टीपकागदाचे पैसे पण निघाले नसतील, मी नातवाला विचारलंय भाव. आत्ता दिवाळीच्या चोपड्यांची गडबड आहे म्हणून येत नाही, लक्ष्मीपूजन झालं की येते आणि उरलेले ठेवून जाते, नाही म्हणायचं नाही. आणि खालच्या मजल्यावरच्या मुलीने पण बाहुल्या जमवायला घेतल्यात, तिला फाईल पाहिजे, निळा कणा. रेट मात्र पूर्ण लावा, तिचे वडील सीए आहेत.