आखाजीला येतेय

आई, नाना,

फोनवर तू फक्त जेवली का विचारतेस आणि नाना दोन मिनिटात 'घे, आईशी बोल' करतात, म्हणून लिहितेय.

आई, मावशी म्हणाली तू अजून रडतेस, पोरगी डोकं दुखतं म्हणायची आणि मी मोबाईल कमी बघ म्हणत राहिले म्हणून. अगं इथल्या डॉक्टरनी पण चार महिने अॅसिडिटी आणि मायग्रेनच्याच गोळ्या दिल्या, सकाळी उठल्या उठल्या उलटी होते सांगून पण! शेवटी धूसर दिसतं म्हणून चष्म्याचा नंबर काढायला गेले तर डोळ्यांच्या मॅडमनी थेंब टाकून आत बघितलं, गप्पच झाल्या, मग म्हणाल्या नस सुजलीय, एमआरआय आजच कर.

नाना, फिल्म बघून तुम्ही नुसती मान हलवली, कळलं काहीच नव्हतं ना? मेंदूच्या आत पोकळ्या असतात, तिथे रोज अर्धा लिटरच्या आसपास पाणी तयार होतं आणि वाहून जातं. गाठ नेमकी त्या वाटेच्या तोंडाशी. केळीच्या ठिबकचा फिल्टर चोक झाला की मागे प्रेशरचा काटा कसा चढतो, तसं डोक्यात झालं. सर्जन वरून, मेंदूच्या दोन भागांच्या मधल्या फटीतून गेले, मधल्या पुलाला बारीक चीर देऊन.

आणि गावात कॅन्सर कॅन्सर सांगू नका हो. गाठीचं नाव सेंट्रल न्यूरोसायटोमा, ग्रेड २ म्हणजे हळू वाढणारी. वीस ते चाळीस वयातच जास्त होतो, खूप रेअर, १९८२ ला तर त्याला वेगळं नाव मिळालं. मायक्रोस्कोपखाली दुसऱ्याच एका गाठीसारखा दिसतो म्हणून नक्की कुठली ते ओळखायला मार्करची टेस्ट लावली, त्यात ते पंधरा दिवस गेले. गाठ पूर्ण निघालीय, रेडिएशन नाही, फक्त एमआरआय करत राहायचं.

ऑपरेशननंतर मला ताजं काही आठवत नव्हतं ना, तेव्हाचं भाऊने सांगितलं. मी दर पाच मिनिटाला विचारायचे नाना कुठे गेले, आणि आई तू दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं, 'चहा पेवाले गयात'. एकदाही चिडली नाहीस. आता आठवतं सगळं, नानांनी चहाचे सुटे परत दिले नाहीत ते पण.

फिटची गोळी चालू आहे म्हणून गाडी चालवायची नाही, भाऊला जळगाव स्टेशनला पाठवा. झोका कडुलिंबालाच बांधा, मी हळूच बसेन.

तुमची,
ताई