इंग्रजी शब्द वाक्यातूनच शिकवावेत
मुलांकडून रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करून घ्यावेत, असे सुचवणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. हा सल्ला पटला नाही. टेबल, बस, तिकीट, डॉक्टर असे कितीतरी शब्द मुलांच्या तोंडी शाळेत जाण्याआधीच असतात. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी मुले अडखळतात ती वाक्यापाशी. शेजारची सातवीतली मुलगी 'हंग्री'चे स्पेलिंग न चुकता सांगते, पण भूक लागली की म्हणते, 'टू मी हंग्री'. इथे 'मला'चा 'आय' होतो आणि मध्ये 'ॲम' येतो, हे शब्दार्थांच्या यादीतून तिला कसे कळणार? अख्खे वाक्यच तिच्या कानावर दहादा पडायला हवे. शिक्षकांनी तासाची पहिली पाच मिनिटे तरी अशा बोलण्यासाठी राखावीत, ही कळकळीची विनंती.
– एक निवृत्त शिक्षिका, सातारा