बाबा, तुमच्या खांद्याविषयी

टोकियो
गुढीपाडवा, 22 मार्च 2023

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, तू सकाळी गुढीला गाठी बांधत असशील, तेव्हा इथे आमच्या ऑफिसात सगळे टीव्हीपुढे उभे होते. मायामीत वर्ल्ड बेसबॉल क्लासिकचा अंतिम सामना चालू होता. जपानने अमेरिकेला 3-2 ने हरवलं. शेवटचा गडी जपानच्या ओतानीने बाद केला. तो गडी म्हणजे माईक ट्राउट, अमेरिकेचा कप्तान आणि एरवी ओतानीच्याच क्लबातला सोबती. शेजारच्या टेबलावरचे काका चक्क रडत होते.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, एवढी मोठी स्पर्धा खेळवतात कशी? संघ 20. पाच-पाचचे चार गट: एक इथे टोकियोत, एक तैवानच्या ताइचुंगला, दोन अमेरिकेत. गटात प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना, वरचे दोन पुढे, आणि तिथून हरला तो घरी. ताइचुंगला तर पाचही संघांनी दोन जिंकले, दोन हरले! मग कोणी धावा कमी दिल्या ते पाहून क्युबा आणि इटली पुढे गेले. यजमान तैवान बाहेर. मला फार वाईट वाटलं.

पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. या स्पर्धेत पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, टाकलेला एकूण एक चेंडू मोजतात. पहिल्या फेरीत 65, उपांत्यपूर्व फेरीत 80, त्यापुढे 95. आकडा भरला की समोरच्या फलंदाजापुरतं टाकायचं आणि बाहेर यायचं, कितीही रंगात असला तरी. 50 किंवा जास्त टाकले तर चार दिवस हात लावायचा नाही. 30 टाकले तरी एक दिवस सुट्टी. मार्चमध्ये हात अजून पुरते तापलेले नसतात, आणि पुढे क्लबांचा अख्खा हंगाम पडलेला असतो.

11 तारखेला मी टोकियो डोममध्ये जपान-चेकिया सामना पाहिला. चेक संघात बरेचसे नोकरी करून खेळणारे. सातोरिया नावाच्या इलेक्ट्रिशियनने ओतानीला बाद केलं, तेव्हा जपानी लोकांनीही टाळ्या वाजवल्या. जपानकडून रोकी सासाकी टाकत होता. 2011 च्या त्याच तारखेला त्सुनामीत त्याचे वडील आणि आजी-आजोबा गेले. त्याचा एक भन्नाट चेंडू चेक खेळाडूच्या गुडघ्यावर बसला. तो पोरगा कळवळला, मग उठून धावून दाखवलं. पुढे सासाकी त्याच्या हॉटेलवर मिठाईच्या दोन पिशव्या घेऊन गेला. चौथ्या इनिंगमध्ये आकडा भरला आणि सासाकीला बाहेर बोलावलं, तेव्हा तो एकविशीचा पोरगा टोपी काढून गुपचूप बाहेर गेला.

बाबा, तेव्हा मला तुमचा उजवा खांदा आठवला. सोयाबीनवर फवारणी, सोळा लिटरचा पंप पाठीवर, दिवसाला वीस-वीस पंप. रात्री आई तेल गरम करून चोळायची आणि तुम्ही म्हणायचात, "काही नाही, उद्या उरकून टाकतो." तुमचे पंप कोणी मोजले नाहीत. मीही नाही. मी तेव्हा त्याच ओसरीवर अभ्यास करत होते.

या खरिपाआधी बॅटरीवरचा पंप घ्या, पैसे मी पाठवते. फवारणीला गडी लावा. परभणीच्या हाडाच्या डॉक्टरला एकदा दाखवून या, आईला सोबत न्या. आई, ते ऐकत नसतील तर मला लगेच फोन कर.

ज्वारीची सुडी झाली का, तेही कळवा.

तुमची,
मीनू