ताई, तुमच्या हाताच्या त्या फोटोंबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव कुठेही लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताई. बाबांच्या व्हेनिसच्या सहलीला तुम्ही केलेल्या मदतीबद्दल फोनवर आभार मानायला लागलो की "अहो, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलता. इथे तुम्हाला तो बदलता येणार नाही, म्हणून हा लेखी उपद्व्याप.

बाबांना व्हेनिस का बघायचं होतं, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. त्यांची अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. पावसाळ्यात आमच्या घरी सकाळी देवाच्या आधी आयर्विन पुलाखालच्या कृष्णेच्या पातळीची चौकशी व्हायची. 2019च्या ऑगस्टात सांगलीत पाणी घरात शिरलं. त्याच वर्षी 12 नोव्हेंबरला व्हेनिसमध्ये भरतीचं पाणी 187 सेंटिमीटरवर गेलं. ती बातमी वाचल्यापासून ते शहर त्यांना नात्यातलं वाटायला लागलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात तिथल्या खाडीच्या तीन तोंडांवरचे, भरतीचं पाणी अडवणारे दरवाजे पहिल्यांदा खऱ्या भरतीसमोर उभे राहिले, तेव्हा बाबांनी वहीत आकृती काढून आईला समजावलं होतं. एकूण 78 दरवाजे. एरवी तळाशी आडवे पडलेले. आत हवा भरली की पाणी बाहेर जातं आणि दरवाजा आपसूक वर येतो. "मोटर नाही, साखळी नाही, बघ!" आई म्हणाली, चहा निवतोय.

मग झटका आला. उजवी बाजू अधू झाली. काठी घेऊन चालतात, पायऱ्या मात्र डाव्या हाताला धरायला काही असेल तरच. आणि हे शहर म्हणजे चारशेच्या वर पूल, खालून होड्या जायच्या म्हणून मधे उचललेले, जवळजवळ सगळ्यांना पायऱ्या.

तुमच्याआधी आम्ही ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांच्याबद्दल थोडं बोलू द्या, मन मोकळं होईल. एका सहल कंपनीच्या माणसानं वय ऐकलं आणि "सर, आजोबांना हॉटेलात बसवा, तुम्ही फिरून या" असा तोडगा काढला. दुसऱ्यानं दोन तासांचं व्हेनिस देऊ केलं, त्यात काचेचा कारखाना आणि गोंडोलातला फोटो. युरोपात राहणारे आमचे एक आप्त "गूगलवर सगळं असतं रे" म्हणाले. असतं खरं. एका हॉटेलच्या पानावर "सान मार्को चौकापासून पाच मिनिटं" असं होतं. त्या पाच मिनिटांत पूल किती, हे विचारल्यावर त्यांनी उत्तरादाखल नाश्त्याचे फोटो पाठवले.

आणि मग बहिणीच्या मैत्रिणीच्या ओळखीतून तुम्ही. आमच्याकडचं कुणी मेस्त्रेला राहतं आणि रोज ट्रेननं व्हेनिसला कामावर जातं, हेच आम्हाला नवल. तुम्ही बजेट विचारलं नाही, किती दिवस ते विचारलं नाही. पहिला प्रश्न: "काका कठडा कुठल्या हातानं धरतात?" आणि दुसरा: "त्रास चढताना जास्त होतो की उतरताना?"

हे दोन प्रश्न तोवर एकानंही विचारले नव्हते, ताई. डॉक्टर सोडून.

दोन दिवसांनी तुमचे फोटो आले. मला वाटलं, चर्चचे असतील, सूर्यास्ताचे असतील. तर पुलाचा लोखंडी कठडा आणि त्यावर तुमचा हात, मनगटात दोन हिरव्या बांगड्या, त्याच मनगटाला भाजीची पिशवी, पिशवीतून डोकावणारा बडीशेपेचा पाला. खाली लिहिलेलं, "इथे मूठ बसते. चढताना 19, वर थोडं सपाट, उतरताना 18." पुढचा फोटो दुसऱ्या पुलाचा. तिथला कठडा रुंद दगडी, त्यावर तुमचा तळवा नुसता पसरलेला. "इथे पकड मिळत नाही. काकांना तुमचा दंड द्या, नाहीतर लांबून फिरून या, तिकडे एकच पूल आहे." आणखी एक फोटो पायरीच्या काठाचा. पांढऱ्या दगडाची ती किनार ओली झाली की घसरते, म्हणून पाऊल आत टाकायला सांगा. कामावरून सुटल्यावर, भाजी घेऊन, दिवेलागणीला, न पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी तुम्ही पुलावर थांबून स्वतःची मूठ वळवून पाहत होता. हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते फोटो बोटांनी मोठा करत बसले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "हिनं साइट व्हिजिट केलीय." त्यांच्याकडून याहून मोठं प्रमाणपत्र मी आजवर कुणाला मिळालेलं पाहिलं नाही.

बाकीचं आखणं मग सोपंच झालं. सान मार्कोचा हट्ट सोडा, झात्तेरेला उतरा, तिथे पाण्याकाठानं लांबवर सपाट चालता येतं आणि ऊन मिळतं, हे तुमचंच. दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून काही दिवशी घेतात ते प्रवेश शुल्क मुक्कामी माणसाला माफ असतं, पण सूट आधी नोंदवावी लागते, हेही. पत्ता म्हणून नुसता वस्तीचा आणि घराचा नंबर दिला की कुणी पोचत नाही (तिथे नंबर गल्लीनुसार नसतात, एकेका वस्तीभर हजारांत चालतात), म्हणून तुम्ही खुणेचं दुकान सांगितलंत. पुलावर लोक उजवीकडून चालतात, काकांना डाव्या हाताला कठडा हवा तर समोरून येणाऱ्यांना "पेर्मेस्सो" म्हणायचं. बाबांनी तो शब्द असा काही उचलला की आता घरात फ्रिजपाशी कुणी उभं असलं तरी तेच ऐकू येतं.

आणि सान जॉर्जो बेट. 2 नंबरची बोट, चर्चच्या दारासमोरच थांबा, मधे एकही पूल नाही, आणि घंटेच्या मनोऱ्याला लिफ्ट. हे कुठल्याच सहलीच्या पत्रकात आम्हाला दिसलं नव्हतं. वर गेल्यावर सगळे सान मार्कोच्या बाजूला गर्दी करत होते. बाबा उलट्या बाजूला, ते दरवाजे जिथे आहेत त्या लिडोकडे तोंड करून. दरवाजे पाण्याखाली, दिसण्यासारखं काहीही नाही. तरी ते बराच वेळ मला "भरतीचा अंदाज 110 सेंटिमीटरचा आला की..." असं समजावत होते, आणि मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. झटक्यानंतर इतकं सलग बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

बोटीवरच्या त्या खलाशी मुलीचंही सांगतो. दोर बांधून फाटक उघडलं की धक्का थोडा डुलतो. तिनं बाबांची काठी पाहिली, मागच्या लोकांना नुसता हात दाखवून थोपवलं आणि डुलणं थांबेपर्यंत आम्हाला उतरू दिलं नाही. बोलली काहीच नाही. अशी माणसं काही खास जागी पैदा होत नसावीत. पुराच्या वेळी आमच्या गल्लीत शेजारगावची पोरं होडी घेऊन आली होती, त्यांनीही आधी "घरात पडून असलेलं कुणी आहे का?" एवढंच विचारलं होतं. उपयोगी पडणारा माणूस मला तरी असाच ओळखू येतो. सल्ला नंतर, आधी नेमकं विचारतो.

आता कामाचं. आईनं तुमच्यासाठी हळद, बेदाणे आणि भडंग बांधून ठेवलंय. पुढच्या महिन्यात भाच्याचा एक मित्र मिलानला जातोय, त्याच्याकडे देतोय. भडंग तिखट आहे, तुमच्या मुलांना चालेल का ते कळवा, नाहीतर आई पुन्हा करायला बसेल. बाबा तुमचा पत्ता स्वतः, डाव्या हातानं लिहिणार म्हणून अडून बसलेत, तेव्हा खुणेचं दुकान तेवढं पुन्हा एकदा पाठवा.

तुमचा,
सांगलीचा भाऊ